ग्रीन बेल्ट करून प्रेस शॉपमधून प्रोसेस इंजिनिअरिंगला जाता येतं का?

अंबड_सेकंड_शिफ्ट: डिप्लोमा मेकॅनिकल, अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपला सहा वर्षं शिफ्ट सुपरवायझर. पुढे प्रोसेस इंजिनिअर व्हायचंय. लीन सिक्स सिग्मा ग्रीन बेल्टचे (वाया जाणारा वेळ आणि खराब माल कमी करायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) क्लास दोन दिवसांचेही आहेत आणि चार महिन्यांचेही. कोणता धरू? नुसत्या सर्टिफिकेटवर काही हलतं का?

सिन्नर_टूलरूम: दादा, सर्टिफिकेटवर नाही, प्रोजेक्टवर हलतं. बेल्ट देणारी एकच अधिकृत संस्था नाही, त्यामुळे दोन दिवसांचाही बेल्टच म्हणवतो. एएसक्यू या अमेरिकन क्वालिटी संस्थेच्या ग्रीन बेल्टला तीन वर्षांचा अनुभव लागतो, प्रोजेक्ट लागत नाही. तरी मुलाखतीत प्रोजेक्टच विचारतात. क्लासवाल्याला एवढंच विचारा, माझ्या लाइनवरचा डेटा तुम्ही तपासून देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

तुमच्याकडे हात घालायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे डाय चेंज, एका जॉबचा साचा काढून दुसऱ्याचा बसवणं. वेळ मोजायचा तो जुन्या जॉबच्या शेवटच्या ओके पीसपासून नव्या जॉबच्या पहिल्या ओके पीसपर्यंत. डाय बसली की घड्याळ बंद करतात, तिथेच चुकतं. ट्रायलचे शॉट आणि क्वालिटीवाल्याची वाट बघणं मोजलंच जात नाही.

किमान दहा चेंज लिहून काढा आणि प्रत्येक शिफ्टमधल्या एकाचं मोबाइलवर शूटिंग करा. ऑपरेटरला आधी सांगा आणि त्याच्याच शेजारी बसून ते बघा. नाहीतर त्याला वाटतं आपल्यावर पाळत ठेवलीय, आणि मग खरा वेळ कधीच दिसत नाही. प्रत्येक कामापुढे लिहा: प्रेस बंद ठेवूनच करावं लागतं, की चालू असतानाच उरकता येतं? डाय शोधणं, फोर्कलिफ्ट बोलावणं, पाने-बोल्ट गोळा करणं, पुढची कॉइल आणणं हे सगळं आधीच होऊ शकतं. राहिलेल्यात, डायखाली पॅरलल (सारख्या जाडीच्या पट्ट्या) लावून शट हाइट, म्हणजे बंद डायची उंची, एकसारखी केली की दर चेंजला रॅमची उंची सेट करावी लागत नाही. क्लॅम्पिंगची उंची एक केली की बोल्टही एकाच लांबीचे पुरतात. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची एसएमईडी, म्हणजे झटपट डाय बदलायची पद्धत, ती हीच.

कॉस्टिंगवाला_सातपूर: आता पैशाचं. समजा चेंज ५५ मिनिटांवरून २५ वर आला, दिवसाला ३ चेंज, महिन्याला २५ दिवस. ३० × ३ × २५ = २२५० मिनिटं, म्हणजे साडेसदतीस तास. याला मशीन अवर रेटने गुणून ‘एवढी बचत’ लिहू नका. त्या तासांत जादा माल निघून विकला गेला किंवा ओव्हरटाइम कमी झाला तरच ती बचत, प्रेस रिकामी उभी राहिली तर शून्य. हिशोबावर अकाउंट्सची सही घ्या. प्रमोशनच्या वेळी तोच कागद बोलतो.

गेज_आधी: रिजेक्शनचा प्रोजेक्ट घेणार असाल तर आधी गेज आर अँड आर करा, म्हणजे मोजणीच किती भरवशाची आहे ते तपासा. १० पीस, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, आणि आधीचं रीडिंग कोणाला दिसू द्यायचं नाही. एकूण फरकातला मोजणीचा वाटा १० टक्क्यांखाली उत्तम, १० ते ३० मध्ये काम आणि खर्च बघून ठरवायचं, ३० च्या वर असेल तर सीपीके (प्रोसेस मापाच्या मर्यादेत किती नीट बसते तो आकडा) काढूच नका. पीसमधला फरक कुठला आणि मोजणीतला कुठला हेच कळणार नाही. दहाही पीस एकाच लॉटमधून सलग उचलले की ते सारखेच निघतात आणि टक्केवारी उगाच फुगते. प्रोसेसच्या पूर्ण रेंजमधले घ्या.

अंबड_सेकंड_शिफ्ट: खूप आभार. डाय चेंजच घेतो. पण मालक ट्रेनिंगवर खर्च करायला तयार नाहीत.

सिन्नर_टूलरूम: कंपनीचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर त्यांना केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना दाखवा. मार्च २०२३ ला सुरू झाली, सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा. अर्ज कंपनीला करावा लागतो, पण शॉपवरचं काम बघायला कोणीतरी लागतंच, तिथे स्वतःचं नाव सुचवा. आणि चेंजचा वेळ रोजच्या प्रॉडक्शन शीटवर एक रकाना करून लिहायला लावा. तो नसला की पान्यांची ट्रॉली दोन महिन्यांत इकडेतिकडे होते आणि २५ चे परत ५० होतात.