मदत हवी आहे: चढावर आणि पिकअप घेताना गाडी मिसिंग करते, स्कॅनरवर पी ०३०३

नमस्कार मंडळी,

गाडी २०१८ ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी. रनिंग ७८ हजार. पुणे-सातारा नेहमीचं येणं-जाणं आहे.

उभ्या गाडीत इंजिन अगदी शांत चालतं. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवली तरी काही जाणवत नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी धडधड झटके देते, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. खंबाटकी घाट चढताना तर चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो आणि चढ संपला की स्थिर होतो. सीएनजीवर त्रास जास्त, पेट्रोलवर कमी, पण पेट्रोलवरही आहेच. पावसाळी हवेत वाढतो असंही वाटतं.

गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ झाली, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर क्लीनिंग झालं. फरक शून्य. स्कॅनरवर पी ०३०३ आणि पी ०३०० असे दोन कोड आहेत. आता चारही इंजेक्टर बदलू म्हणतात, आणि तरी नाही गेलं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर). आकडा ऐकून घाम फुटला. घरी वडिलांना डायलिसिससाठी न्यावं लागतं, त्यामुळे गाडी भरवशाची हवी. खर्च करायला ना नाही, पण योग्य जागी व्हावा. आधी काय तपासून घेऊ? आणि तोपर्यंत गाडी चालवावी का?

प्रतिसाद

इंजेक्टर आणि ईसीएमला तूर्तास हात लावू देऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंच उत्तर आहे.

पी ०३०० म्हणजे मिसिंग होतंय (सिलिंडरमधलं इंधन अधूनमधून नीट पेटत नाही), पण एका ठरावीक सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर. थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टर चारही सिलिंडरना सामाईक असतात, त्यांच्यामुळे एकटा तिसराच कशाला बिघडेल? इंजेक्टरचं म्हणाल तर तुमच्या गाडीत पेट्रोलचे वेगळे आणि सीएनजीचे वेगळे आहेत. दोन्ही इंधनांवर तोच सिलिंडर मिस होत असेल, तर दोन्हीकडचा तिसऱ्याचाच इंजेक्टर एकदम गेला असं मानावं लागेल. फार दुर्मिळ योग. म्हणून एकदा फक्त पेट्रोलवर चालवून कोड पुन्हा वाचा. तेव्हाही पी ०३०३ आला, तर संशय स्पार्कवर.

लोडवरच, म्हणजे इंजिनावर जोर पडला कीच, का होतं तेही सांगतो. तुम्ही पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं आणि स्पार्कच्या क्षणी आतला दाब वाढलेला असतो. दाब जितका जास्त, तितकं स्पार्क प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त. हे व्होल्टेज प्लगला देणारी कॉइल अशक्त झाली की उभ्या गाडीत वेळ मारून नेते आणि घाटात हात टेकते. प्लगचा गॅप झिजून वाढला असेल तरी हेच होतं.

तपासणी फुकटातली आहे. इंजिन पूर्ण थंड असताना तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरची कॉइल आपसात बदला. बाकी काहीही हलवू नका, एका वेळी एकच वस्तू. कोड पुसा, तशाच चढावर गाडी न्या, पुन्हा स्कॅन करा. पी ०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पी ०३०३ च राहिला तर हीच युक्ती प्लगवर करा. तरीही तिसराच दिसला तर कॉइलचं कनेक्टर-वायरिंग आणि मग कॉम्प्रेशन (पिस्टन वर आल्यावर सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा.

कॉइल काढताना तिच्या रबरी बुटाकडे (प्लगवर बसणाऱ्या टोपणाकडे) उजेडात नीट बघा. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर किंवा बुटाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी गॅपमधून न जाता बाहेरून इंजिनच्या हेडला उडते आहे.

चालवण्याबद्दल: दिवा स्थिर असेल तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर पाय लगेच हलका करा. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो प्रमाणाबाहेर तापतो. कॉइल काही हजारांत येते, कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पट महाग. दवाखान्याच्या फेरीला सध्या दुसरी गाडी बघा.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. एक भर: कॉइल-प्लगने नाही गेलं तर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) बघून घ्या. सीएनजीवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, क्लिअरन्स आवळत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर दोष पिस्टन रिंगचा, जवळपास तोच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओळखीच्या एका मेकॅनिककडे समोर उभं राहून करून घेतलं. पेट्रोलवरही पी ०३०३ च आला. मग तिसरी कॉइल उपसली तर बूट तेलाने ओला, आणि आत तुम्ही म्हणालात तशी काळी रेघ. प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) तळाशी तेल साचलेलं. कॉइल पहिल्यावर टाकून चढाला नेली, कोड पी ०३०१. तेल टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरतंय.

नवी कॉइल, कव्हरचं पॅकिंग आणि चारही प्लग टाकले. काल सीएनजीवर खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, एकही झटका नाही, दिवा बंद. इंजेक्टरच्या कोटेशनच्या तुलनेत खर्च किरकोळ झाला. एकच विचारायचं: बाकीच्या तीन कॉइलही आत्ताच बदलू का?

प्रतिसाद

नको. त्यांचे बूट कोरडे आणि विनारेघेचे असतील तर चालू द्या. पॅकिंग नवं आहे, तेव्हा हजार-दीड हजार किलोमीटरनंतर चारही विहिरी एकदा उघडून बघा. कोरड्या असतील तर काम नीट झालं. आणि टॅपेट क्लिअरन्स पुढच्या सर्व्हिसला मोजून घ्याच, सीएनजीवर ७८ हजार म्हणजे ती वेळ आली आहे.