पैसे घेऊन राजकीय लेख लिहावेत का?

बोरूवाला: मुक्त लेखन करतो. जिल्ह्याच्या दैनिकांत लेख छापून येतात, मानधनाचं विचारलं की 'अकाउंट्सला पाठवलंय'. आता विधानसभेच्या एका इच्छुकाच्या ऑफिसातून बोलावणं आलंय. कामं दोन. भाऊंच्या नावाने पंधरवड्याला एक लेख (पाणी, एसटी, कांदा वगैरे), लेखाला तीन हजार. दुसरं, माझ्या नावाने मतदारसंघाचं 'तटस्थ विश्लेषण', त्याला सात हजार. मुद्दे व्हॉट्सॲपवर येणार. पहिला आलासुद्धा: 'भाऊंचा वाढता जनसंपर्क'.
पहिलं काम घ्यायचं ठरवतोय, दुसरं नाही. भाऊंच्या नावाखाली भाऊंचीच बाजू असणार हे वाचणाऱ्याला कळतं. माझ्या नावाखाली तो माझं मत शोधतो. मतं मांडा.

खवचट खंडू: सात हजार सोडून तीन हजार घेणारा सोवळा पहिल्यांदा पाहिला. ज्या पेपरात छापून येणार तो पुरवणीचे पैसे घेतोच ना? २००९ च्या विधानसभेला आपल्याच राज्यात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथांनी तो उघड केला. मालकांचं काय वाकडं झालं? मग उपाशी लेखकानेच नीतिमत्तेचं ओझं का वाहायचं? घ्या दोन्ही.

बोरूवाला: मालकाची अब्रू मालकाजवळ, खंडोबा. माझ्याकडे विकायला नावाशिवाय दुसरं काय आहे? ते एकदा विकलं की पुढच्या खऱ्या लेखालाही लोक विचारणार, 'याचे किती घेतले?'

तळटीप: कायद्याचं थोडं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली, निवडणूक खर्चाचा हिशेब नीट न दिल्यास उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव २०११ मध्ये पेड न्यूजचा (पैसे देऊन बातमीसारखा छापून आणलेल्या मजकुराचा) खर्च न दाखवल्यामुळेच अपात्र ठरल्या. आपल्याकडचं अशोक चव्हाणांचं पेड न्यूजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हिशेब तपासायचा निवडणूक आयोगाला अधिकार आहे, असं न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. पण त्याच वर्षी पुढे आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला.
यातली गोम अशी की हा खर्च मोजला जातो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. मर्यादा ४० लाख. भाऊंना विश्लेषण आत्ताच हवंय ते उगाच नाही! आज छापलेलं हिशेबात धरलंच जात नाही. आणि हे कलम उमेदवारासाठी आहे, लिहिणाऱ्यासाठी नाही. तेव्हा धागाकर्त्याला अडवेल ते त्याचं मनच, कायदा नव्हे.

मीठभाकर: मला पहिलं कामही पटत नाही. भाऊंना कांद्याच्या निर्यातबंदीवर सलग चार वाक्यं बोलता येत नसतील आणि लोक तुमचा लेख वाचून 'अभ्यासू नेतृत्व' म्हणत असतील, तर तीही फसवणूकच. उलट जास्त वाईट, कारण त्या जोरावर माणूस पाच वर्षांसाठी निवडून येतो. विश्लेषण लोक दुसऱ्या दिवशी विसरतात.

बोरूवाला: हे लागलं. पण भाषणं लिहून देणारे सगळ्याच पक्षांत आहेत.

मीठभाकर: भाषण निदान स्वतः उभं राहून वाचावं लागतं. खाली बसल्यावर पत्रकार प्रश्न विचारतात, तेव्हा पितळ उघडं पडतं. लेखाला प्रश्न कोण विचारणार?

खवचट खंडू: म्हणजे आता भाऊंची तोंडी परीक्षा घेऊनच लेख लिहायचा. छान.

मीठभाकर: चेष्टा सोडा, तेच म्हणतेय. लिहिण्याआधी तासभर भाऊंसमोर बसा. त्यांना जे सांगता येईल तेवढंच लिहा. पीएने पाठवलेल्या मुद्द्यांवर नको.

तळटीप: आणि निम्मे पैसे आधी. आचारसंहिता लागली की पीए फोन उचलत नाही आणि भाऊ पडले तर ऑफिसलाच कुलूप. शिवाय हक्क कोणाचे ते लेखी घ्या. तुम्ही त्यांचे पगारी नोकर नाही, त्यामुळे लेखी करार करून दिल्याशिवाय कॉपीराइट तुमचाच राहतो. नाहीतर या लेखांचं पुस्तक निघेल, प्रकाशनाला तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवाल.

बोरूवाला: तासभर बसायची अट पीएला आत्ताच कळवली. उत्तर आलं, 'भाऊंना वेळ नसतो सर, तुम्हीच सांभाळून घ्या.'

मीठभाकर: मग तीन हजारही नकोतच.

खवचट खंडू: नंबर द्या त्या पीएचा.