20 वॅटचा फायबर लेसर, 25 वॅटचा स्लिट प्रोफायलर: पट्टी टिकेल ना?

कुडाळ_मार्किंगवाला
कुडाळ एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. पल्स्ड फायबर लेसर, 20 वॅट, 1064 नॅनोमीटर, 20 किलोहर्ट्झ (सेकंदाला 20 हजार पल्स), 160 मिमी फोकल लांबीची एफ-थीटा लेन्स (बीम सपाट कामावर फोकस करणारी). लग्नसराईत भांड्यांवर नावं, एरवी बोटींच्या इंजिनांच्या प्लेटा. पावसाळ्यापासून अक्षरांची कड एका बाजूला जाड येतेय, म्हणून स्पॉट, म्हणजे फोकसमधला बीमचा ठिपका, मोजायचाय. ओळखीच्या सरांनी कॉलेजातला फिरत्या ड्रमचा स्लिट प्रोफायलर वापरायला दिलाय, म्हणजे ड्रमवरच्या धातूच्या पट्टीतली बारीक फट बीमसमोरून फिरवून त्याची रुंदी मोजणारं यंत्र. त्यावर '25 वॅट' लिहिलंय. मग थेट फोकसमध्ये धरला तर चालेल ना? दुसऱ्याची वस्तू आहे, म्हणून आधी विचारतोय.

रत्नागिरी_ऑप्टिक्स
अजिबात धरू नका! 25 वॅट ही सरासरी पॉवरची मर्यादा, म्हणजे अख्खं डोकं किती तापलेलं चालेल एवढंच. पट्टीचा जीव जातो तो प्रत्येक पल्सला एका जागी किती ऊर्जा पडते त्यावर. तुमचा बीम 7 मिमी आणि एम-स्क्वेअर (बीमची गुणवत्ता, आदर्श बीमला 1) 1.5 धरला तर स्पॉट साधारण 46 मायक्रॉनचा. 20 किलोहर्ट्झला पल्स 1 मिलिज्यूलची, म्हणजे मधोमध जवळपास 120 ज्यूल प्रति चौरस सेंमी. नॅनोसेकंद पल्सला धातूचा पृष्ठभाग काही ज्यूलांतच उडायला लागतो. अहो, याच फोकसने तुम्ही दिवसभर स्टील कोरता, पट्टी काय वेगळी आहे?

पट्टी कुठल्याही धातूची असो: टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल 1455 ला. पण एवढ्या ऊर्जेपुढे दोन्ही सारखीच. शिवाय पट्टी एकदा निळी-जांभळी पडली की तो ऑक्साइड जास्त प्रकाश शोषतो आणि पुढच्या वेळी ती आणखी तापते. फटीच्या कडेला बर (वितळून आलेली खरखरीत कड) आला तर रुंदी बदलते आणि आकडे मुकाट्याने चुकीचे येतात.

कुडाळ_मार्किंगवाला
मग पॉवर 5 टक्क्यांवर आणून मोजलं तर?

रत्नागिरी_ऑप्टिक्स
तरी चौरस सेंमीला 6 ज्यूल उरतात. आणि कमी पॉवरला पल्सचा आकारही बदलू शकतो, मग मोजलं ते कामाच्या बीमचं म्हणता येत नाही. लेन्सनंतर बिनकोटिंगच्या काचेच्या दोन वेज (एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशा काचा) 45 अंशांत लावा आणि त्यांवरून परावर्तित झालेला बीमच मोजा, दुसरी पहिलीला काटकोनात वळवून. एका ध्रुवीकरणाला (प्रकाशलहरीच्या कंपनाच्या दिशेला) पहिली 9 टक्के परावर्तित करते, दुसरी 1 टक्क्याहून कमी. दुसऱ्या ध्रुवीकरणाला बरोबर उलटं. त्यामुळे ध्रुवीकरण कसंही असो, मिळतात सुमारे 0.08 टक्के. तुमच्याकडे ते 16 मिलिवॅट, दर पल्सला चौरस सेंमीमागे 0.1 ज्यूलच्या आत. साधी सपाट काच नको, मागच्या बाजूचं परावर्तन वर चढतं. काळा फिल्टरही नको, तो तापून स्पॉटच बिघडवतो. वेज लेन्सजवळच ठेवा, तिथे बीम अजून रुंद असतो. आरपार जाणारी बाकीची पॉवर भट्टीच्या विटेवर सोडा. 1064 चा चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका.

ड्रम मात्र सावकाश फिरवा. फट सेकंदाला 1 मीटर धावली तर स्पॉट 46 मायक्रोसेकंदांत ओलांडते, तेवढ्यात तुमची एखादीच पल्स येते. आलेखाऐवजी तुटके दात दिसतील. 0.1 मीटरला नऊ-दहा पल्स मिळतात.

देवगडचो_वायरमन
लाईट गेली तर काय करतलास? आमच्याकडे लेसर यूपीएसवर असता आणि प्रोफायलर थेट भिंतीवर. ड्रम थांबलो की सगळी उष्णता एकाच जागी. दोन्ही एकाच यूपीएसवर घे. आधी ड्रम फिरव, मग शटर उघड.

रत्नागिरी_ऑप्टिक्स
हे लाखमोलाचं. पट्टी स्टीलची असली तर उष्णता तांब्याच्या मानाने फार हळू पसरते, त्यात थांबलेला ड्रम म्हणजे संपलंच.

आणि एक: मोजण्याआधी एफ-थीटा लेन्स काढून तिरका टॉर्च मारा. आपल्याकडच्या हवेत लेन्सवर मिठाचा ओलसर थर बसतो, तोही एकाच बाजूला दाट असतो कधीकधी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्स टिश्यू, एकच पुसणी, घासायचं नाही. एक प्लेट कोरून बघा. कड तशीच जाड आली, तर वेज लावा.