हॉट एअर गनवाल्यांनो, जरा ऐका

महालकर: परवा इथे एकाने लिहिलं, "होम थिएटरच्या रिसीव्हरमधून आवाज येतो पण चित्र नाही? एचडीएमआय बोर्डवरच्या मोठ्या चिपवर हॉट एअर मारा. बोर्ड बदला म्हणणारे लुटारू." डोकंच फिरलं. चिपखालचे सोल्डरचे टाके सुटले असतील तरच रीफ्लोने, म्हणजे ते सोल्डर पुन्हा वितळवून, काम होतं. पुष्कळदा सुटतात ते चिपच्या आतले, सिलिकॉनखालचे सोल्डरचे बारीक ठिपके, बंप. गरम केल्यावर ते तात्पुरते चिकटतात. गिऱ्हाईक पैसे मोजून घरी जातं आणि महिन्याभरात टीव्ही पुन्हा काळा. शिवाय शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. खालून प्रीहीटर न लावता वरून एवढा शेक दिला की बोर्ड वाकतो.

बर्डीवाला: मीच तो. बोर्ड मिळते कुठं, ते सांगा ना भाऊ! मॉडेल जुनं झालं की सर्व्हिस सेंटरवाला म्हणते नवीन घ्या. माझा सेट गन मारून दोन उन्हाळे चालून राहिला.

महालकर: मग तुमचे बाहेरचेच टाके गेले होते. नशीब म्हणा.

धरमपेठची काकू: आमच्याकडे वीज कडाडली आणि एचडीएमआय इनपुट गेले. केबलच्या वायरीतून झटका आला म्हणे. ती चिप भाजून काय जिवंत होणार? आता प्लेअर सरळ टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला. साधं डॉल्बी ५.१ मिळतं, ट्रूएचडीचा भारी आवाज नाही. चालतं आम्हाला.

उन्हाळी: पण बोर्ड तापते काऊन? मे महिन्यात बाहेर ४५, रिसीव्हर बंद शोकेसमध्ये, त्याच्या डोक्यावर सेटटॉप बॉक्स! वर कूलरची ओली हवा. पिना हिरव्या पडतात.

बर्डीवाला: कूलरला मधात आणू नका. आमच्या घरी बाबांच्या काळापासून कूलर हाय, रेडिओसुद्धा बिघडला नाही.

उन्हाळी: रेडिओत बीजीए, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप, होती का बे?

बर्डीवाला: बे कोणाला म्हणता? एसीत बसून अक्कल शिकवता?

धरमपेठची काकू: खिडकी उघडी ठेवली तर कूलरची हवा कोंडत नाही, एवढं साधं आहे.

उन्हाळी: काकू, एकच्या उन्हात खिडकी उघडी?

महालकर: कूलरचा वेगळा धागा काढा, राजेहो. बर्डीवाले, बोर्ड मिळत नाहीत हे तुमचं खरं. मग गिऱ्हाइकाला आधी सांगा, काम टिकेल याची गॅरंटी नाही, आणि पैसे तेवढेच घ्या.

बर्डीवाला: सांगतो, साहेब. पावतीवर १८३ अन् २१७ बी छापून देतो. प्रीहीटर मात्र तुम्ही घेऊन द्या.