पत्रकारितेला कोल्हापूर की पुणे? की डिग्रीच नको?

कराडचं_पोरगं
नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावातला, साताऱ्याला बीए मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं पत्रकारिता आणि जनसंज्ञापन करायचं डोक्यात आहे पण घरी कोणालाच पटत नाही, वडील म्हणतात एमपीएससी कर नाहीतर बीएड कर, पेपरवाल्याला कोण मुलगी देणार (हे खरंच म्हणाले). शिवाजी विद्यापीठाला केलं तर कोल्हापूर जवळ पडतं आणि खर्च पण झेपेल. मित्र म्हणतोय रानडेला (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) जा, पुण्याशिवाय काही खरं नाही. माझं इंग्रजी जेमतेम आहे, वाचून समजतं पण बोलता येत नाही. डिग्रीचा खरंच उपयोग होतो का, का डायरेक्ट एखाद्या पेपरात घुसावं? फील्डमधल्या लोकांनी सांगा प्लीज.

डेस्कवरची_ताई
मी सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर आहे, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात लावायचं काम, नऊ वर्षं झाली, कोल्हापूरलाच शिकले. सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्हे त्याच विद्यापीठाचे, त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसात तिथलं कोण ना कोण सीनियर भेटतंच, हा फायदा लहान नाही. कोर्सचं म्हणशील तर 6 जानेवारी 1832 ला दर्पण निघालं वगैरे इतिहास परीक्षेपुरता होतो, पण कायद्याचा पेपर मन लावून कर. बदनामी, कोर्टाचा अवमान, अत्याचार झालेल्या मुलीची ओळख कुठंही फुटता कामा नये, नाव तर सोडच पण गाव-नातेवाईकांवरून पण कळायला नको, हे रात्री साडेअकराला पान छपाईला सोडताना कोणी समजावत बसत नाही.

पण कोर्समध्ये जे येत नाही ते ऐक. आमच्याकडं एक ट्रेनी होता, डिग्रीवाला, मार्क पण चांगले. पावसाळ्यात त्यानं कॉपी (बातमीचा मजकूर) दिली, "कोयनेतून 50 हजार टीएमसी पाण्याचा विसर्ग". अरे बाबा अख्खी कोयना भरली तरी 105 टीएमसी, म्हणजे पोरानं पावणेपाचशे कोयना एका दमात रिकाम्या केल्या की! लिहायचं होतं क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय ते, आणि टीएमसी म्हणजे एकूण पाणी किती ते, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. साधारण साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाण्याची पातळी 40 फूट इशारा, 45 फूट धोका हे सांगलीतल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं, 2019 च्या महापुरानंतर तर जास्तच. ती टीएमसीची चूक मला कॉपी वाचताना दिसली म्हणून वाचलो, नाहीतर सकाळी वाचकांनी फोन करून करून सोलून काढलं असतं.

तालुक्याचा_बातमीदार
ताई ऑफिसात पगारावर आहेत म्हणून गोड बोलतायत, राग मानू नका. भावा मी 15 वर्षं तालुक्याला वार्ताहर आहे. मानधन एवढं की पेट्रोलला पण पुरत नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिन आला की पुरवणीचं टार्गेट. ज्याच्या विरोधात मंगळवारी बातमी दिली त्याच्याच दारात शुक्रवारी वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असा नियम आहे, एकदा तीन महिने पैसे न मिळालेल्या शेतकऱ्यांची बातमी मी पावत्यांसकट पाठवली, आतल्या पानावर चार ओळी आल्या आणि कारखान्याचं नाव गायब. का ते तुला कळलंच असंल. हे सगळं डोळे उघडे ठेवून यायचं असंल तर ये, न्हायतर बीएड कर, वडील चुकीचं सांगत न्हाईत.

फर्ग्युसन_रोडचा_पाहुणा
मी मूळचा मिरजेचा, रानडे केलं, आता पुण्यात जनसंपर्काचं काम करतो. पुण्यात इंटर्नशिप लवकर मिळते हे खरं, प्रवेश परीक्षा असते तिची तयारी कर. इंग्रजीला घाबरू नको पण टाळू पण नको, मराठी डेस्कवर निम्मं काम न्यूज एजन्सीच्या इंग्रजी कॉपीचं मराठी करायचंच असतं. अजून एक, आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आपल्याकडची पोरं त्याचा विचारच करत नाहीत, लांब पडतं म्हणून असेल. बाकी बातमीदार भाऊ म्हणतात ते शंभर टक्के खरं, मी त्याचमुळं जनसंपर्कात आलो. पगार वेळेवर होतो. प्रेसनोट लिहिताना कधीकधी लाज वाटते तो भाग वेगळा.

डेस्कवरची_ताई
राग कसला, भाऊ बरोबरच बोललेत. पोरा, कोल्हापूर-पुण्याचं नंतर बघ, आधी इथंच तुझ्या गावातली एक बातमी लिही, खरी, चार-पाच ओळींची. बघू दे तरी.

कराडचं_पोरगं
प्रयत्न केलाय ताई, हसू नका.
"आमच्या गावातील पाण्याच्या टाकीला अनेक दिवसांपासून गळती लागली असून हजारो लिटर पाणी वाया जात आहे. प्रशासनाच्या भोंगळ कारभारामुळे ग्रामस्थांमध्ये तीव्र संतापाची लाट उसळली आहे."

डेस्कवरची_ताई
"अनेक दिवस" म्हणजे किती? हजारो लिटर कोणी मोजलं? टाकी केवढ्याची आहे, किती घरांना पाणी जातं, कुठल्या वर्षी बांधली, ठेकेदाराची मुदत संपली का? संतापाची लाट काढून टाक, त्याऐवजी हंडा घेऊन उभ्या एका बाईचं वाक्य घाल. कागद देत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाक, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि सरपंचांची बाजू कुठाय? त्यांना न विचारता "भोंगळ कारभार" छापलं तर उद्या आपणच अडचणीत.

कराडचं_पोरगं
तिथंच घोळ आहे ताई. सरपंच माझे सख्खे चुलते आहेत, आम्ही एकाच वाड्यात राहतो.

तालुक्याचा_बातमीदार
घ्या! पोरगं कोर्स न करताच तालुक्याचा वार्ताहर झालं की रं 😂

डेस्कवरची_ताई
मग जेवायला बसल्यावर विचार. फक्त वही घेऊन बस, आणि आधी सांग की हे छापायला विचारतोय.