हॉलला मोतिया की फिका राखाडी? घरात एकमत होईना

ठाणेकर_हॉल:
नमस्कार मंडळी, गणपतीच्या आधी रंगकाम उरकायचंय, लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी) आणि प्रायमर झालाय आणि पेंटर शेड सांगा म्हणून मागे लागलाय. हॉलला एकच मोठी खिडकी, तीपण उत्तरेला आणि समोर दुसरी बिल्डिंग, त्यामुळे दुपारीसुद्धा उजेड बेताचाच. फरशी क्रीम, सोफा सागवानी. मला फिका राखाडी आवडलाय, आईला मोतिया हवाय. शेडकार्डवर राखाडी मस्त दिसतो पण भिंतीवर पट्टा मारला तर सकाळी चक्क निळा वाटतो, असं का होतं??

कवठीचाफा:
उत्तरेकडून ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड, त्यामुळे राखाडीत जरा जरी निळी झाक असली की ती वर येते आणि क्रीम फरशीशेजारी तर जास्तच. मी आईंच्या बाजूने. राखाडीच हवा असेल तर दुकानात सांगा, तांबूस झाकेचा दाखवा.

भिंतवाला:
रंगकामाची कामं घेतो म्हणून सांगतो, रंगाच्या एका हातावर काही ठरवू नका. दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे दोन मोठ्या ड्रॉइंग शीट दोन्ही शेडने रंगवा आणि एकदा खिडकीसमोरच्या भिंतीवर, एकदा खिडकीच्याच भिंतीवर लावून बघा, तिथे रंग सगळ्यात काळपट दिसतो. सकाळी बघा, रात्री लाइट लावून बघा. लाइट किती केल्विनचे आहेत, म्हणजे उजेड पिवळा की पांढरा ते सांगणारा आकडा किती? ३००० च्या पिवळ्या उजेडात मोतिया आणखी पिवळा पडतो, ६५०० च्या पांढऱ्यात राखाडी अजून थंड. आणि शेडचा एलआरव्ही विचारा, म्हणजे शेड किती उजेड परत फेकते तो आकडा, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. तुमच्या कमी उजेडाच्या हॉलला मी ७० च्या खाली जाणार नाही.

ठाणेकर_हॉल:
ट्यूब ६५०० चीच आहे, आत्ता खोक्यावर बघितलं! म्हणजे रात्रीपण राखाडीचं अवघडच. शीट आणतो उद्या, आईलाच दोन्ही लावून दाखवतो. सीलिंग पांढरंच ठेवू ना?

भिंतवाला:
पांढरंच, आणि मॅट घ्या. चकचकीत फिनिशमध्ये लांबीचे सगळे उंचवटे दिसतात. लाइट बदलणार असाल तर ४००० चे घ्या, मग मोतियापण पिवळा नाही वाटणार.

कवठीचाफा:
शीटचे फोटो टाकू नका हं, मोबाइल कॅमेरा रंग आपल्या मनाने बदलतो. आईंनी काय निवडलं ते सांगा.