बीपी वाढलंय तर डोळ्याचा पडदा कशाला तपासायचा?

रंकाळेकर: बाबांचं बीपी १९०/११० निघालं, गोळी सुरू झालीये. डॉक्टर म्हणतात पडदा तपासून घ्या. पण त्यांना पेपर नीट वाचता येतो, डोळा दुखत नाही काही नाही, म्हणतात उगाच खर्च कशाला. खरंच गरज आहे का?

चष्मिष: आहे. पडदा दुखत नाही हाच तर घोळ आहे. बीपी सतत चढं राहिलं की पडद्यावरच्या बारीक रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या नळ्या, आकसतात, भिंती जाड होतात, आणि जिथे रोहिणी नीलेला, म्हणजे रक्त परत नेणाऱ्या नळीला, ओलांडून जाते तिथे दोघींचं आवरण एकच असतं, त्यामुळे ती कडक झालेली रोहिणी नीलेला दाबते, मग कधी गुठळी होते, रक्त झिरपतं आणि एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागतं.

मीनामावशी: आमच्या दिरांच्या रिपोर्टवर 'डिस्क एडिमा' लिहून आलं होतं, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडाशीच सूज. लगेच ॲडमिट केलं. आणि हो, मनाने डबल गोळी देऊ नका हं, बीपी एकदम खाली आलं तरी त्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो.

रंकाळेकर: बरं, घेऊन जातो. येताना स्कूटर ते चालवू शकतील ना?

चष्मिष: अजिबात नाही! पडदा तपासायला डोळ्यात थेंब घालतात, त्यांनी बाहुली काही तास मोठी राहते, उन्हात डोळे उघडवत नाहीत. गॉगल न्या, गाडी तुम्ही चालवा.